बाबांच्या फाईल परत वाचता आल्या, मनापासून आभार

परवा रात्री बाबांच्या जुन्या फाईल उघडत नाहीत म्हणून इथे विचारलं, तेव्हा ज्यांनी ज्यांनी वेळ काढून मदत केलीत त्या सगळ्यांचे खूप खूप आभार, नावं माहीत नाहीत म्हणून इथेच लिहितेय. बाबांनी २००४ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या कृतिदेव नावाच्या जुन्या फाँटमध्ये टाईप करून ठेवल्या होत्या, नवीन लॅपटॉपवर उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं, "मराठी" च्या जागी ई जे के बी एच, मला वाटलं गेलं सगळं. फाईल बिघडलेली नाही, तो जुना फाँट युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचा आहे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला, हे तुम्ही न कंटाळता समजावलंत. फाँट टाकायला मी त्याच्या झिप फाईलमधूनच डबल क्लिक करत बसले होते. आधी फाँटची फाईल झिपमधून बाहेर काढा मग राईट क्लिक करून सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल करा, नाहीतर जुन्या प्रोग्रामला फाँट दिसतच नाही, असं ज्या दादांनी सांगितलं त्यांचे तर विशेष आभार. प्रोग्राम बंद करून परत उघडला आणि पहिलीच ओवी दिसली, आईला हाक मारली, ती चष्मा लावून स्क्रीनसमोरच बसली. आता कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतेय, रफार आणि पहिली वेलांटी कुठे कुठे सरकते ती हाताने नीट करतेय, चाळीस ओव्या झाल्यात.