संज्या, तुझ्या गावची बाई नेपल्सला राहते

प्रिय संज्या,

इथल्या भूकंपाच्या बातमीनंतरचे तुझे मिस्ड कॉल बघितले. व्हॉट्सॅपवर नुसतं 'मी ठीक' टाकून मोकळं होण्यापेक्षा म्हटलं निवांत बसून लिहूच. मी शाबूत, घर शाबूत. किचनच्या भिंतीत एक चीर दिसतेय पण ती आधीपासून होती असं घरमालकीण म्हणते, आणि ती म्हणते म्हणजे होतीच, विषय संपला.

तुला बातम्यांत व्हेसुव्हियस दाखवत असतील तर तो राहिला तिकडे पूर्वेला, 1944 नंतर गप्प आहे. आमची भानगड वेगळीये. मी राहतो ते पोत्सुओली, नेपल्सला पश्चिमेकडून चिकटलेलं गाव, आणि हे गावच ज्वालामुखीच्या आत बसलंय. कांपी फ्लेग्रेई म्हणतात त्याला. डोंगरबिंगर काही नाही, नुसता भला मोठा खोलगट भाग, त्यातला बराचसा समुद्राखाली. इथली जमीन हळूहळू वर येते, मग खाली बसते, मग परत वर. 1982 ते 1984 मध्ये ती पावणेदोन मीटर वर आली, हजारो लोकांना घरं सोडायला लागली. मग खाली बसत गेली आणि 2005 पासून पुन्हा वर यायला लागलीय. वर येताना खालचा खडक तडकतो, त्याचेच हे धक्के. मार्च 2025 मधे मध्यरात्रीनंतर 4.6 चा झाला होता, आकडा तुला किरकोळ वाटेल पण केंद्र जेमतेम दोन-तीन किलोमीटर खाली असतं त्यामुळे पलंगासकट हलतो माणूस.

बंदराच्या आतल्या बाजूला चक्कर मारली की समजतं. जमीन वर आल्यामुळे पाणी इतकं कमी झालंय की कोळ्यांच्या छोट्या होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. आणि तिथून दोन मिनिटांवर रोमन बाजाराचे अवशेष आहेत, त्यात तीन उंच संगमरवरी खांब उभे. खांबांवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक पट्टा बारीक भोकांचा. समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत ती, म्हणजे एके काळी खांब तिथपर्यंत पाण्यात होते, आणि आता कोरडे. मी कधीही तिथनं गेलो की त्या भोकांकडे बघत उभा राहतो, येडचाप वाटत असेन लोकांना.

परत का येत नाहीस म्हणून विचारलंस. अरे घरमालकीण आजी लहान असताना रिओने तेर्रा या जुन्या वस्तीत राहायची, 1970 च्या मार्चमध्ये सरकारने ती अख्खी वस्ती रिकामी केली. तर आजी राहायला कुठे गेली? तिथनं चालत दहा मिनिटांवर! धक्का बसला की ती आधी गॅस बंद करते, मग पर्स घेते, मग खाली जाऊन शेजारणीशी भांडण उकरून काढते. मला भीती वाटत नाही असं नाही, पण तिच्यासमोर घाबरायची लाज वाटते.

बाकी मजेत. नेपल्सला जायला कुमाना नावाची लोकल आहे, वेळेवर येईल अशी आशा ठेवायची नाही. कॉफी उभ्या उभ्या दोन घोटांत, आधी पाणी प्यायचं. कढीपत्ता पण मिळतो रे, श्रीलंकेची पुष्कळ माणसं आहेत शहरात, त्यांच्या दुकानात नारळ, मसूर डाळ सगळं.

आणि आता मेन गोष्ट. पॉम्पेईत 1938 साली एक हस्तिदंती बाई सापडली, वीतभरापेक्षा थोडी मोठी, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. इथे तिला लक्ष्मी म्हणतात पण ती यक्षी असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं. डोक्यावर भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ नाहीतर फर्निचरचा पाय असणार. इसवी सन 79 ला पॉम्पेई व्हेसुव्हियसच्या राखेत गेलं, म्हणजे ती त्याआधी इथे पोचलेली. आणि लेका, अशाच बनावटीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा कुठे सापडला माहितीये? तुझ्या भोकरदनला! उत्खनन झालं ना 1973 ला. दुसरी धाराशिवजवळच्या तेरला. म्हणजे हिचं माहेर तुमच्याच भागातलं असायची दाट शक्यता. प्राचीन भोगवर्धन म्हणजे तुझं ते एसटी स्टँडवर तासन् तास बसवणारं भोकरदन, हॉस्टेलवर आम्ही त्याच्यावरून तुला किती पिडलं! नेपल्सच्या म्युझियममध्ये ती 'गुप्त दालनात' ठेवलीय, पॉम्पेईतल्या चावट चित्रांच्या शेजारी. मला नाही पटलं ते. पोरंटोरं खिदळत पुढे जातात, मी आपला काचेला नाक लावून उभा.

तू ये बघायला. ऑगस्टमध्ये नको, भाजून निघशील. ऑक्टोबर बेस्ट, रोमला उतर, तिथनं फास्ट ट्रेनने सव्वा तास. झोपायला सोफा आहे, धक्के फुकट. येताना काळा मसाला आण, आणि त्याआधी एक काम कर, उत्खनन झालं त्या जागेचे फोटो काढून पाठव, तिकडे आता काय आहे ते मला आजीला दाखवायचंय. तिने त्या मूर्तीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिकडची जमीन हलते का?

तुझाच,
सुम्या