डोंगरी गुरांचे वैविध्य वळूंच्या बाजूने जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशी गोवंशाची चर्चा आपल्याकडे दुधावर किंवा जातीच्या शुद्धतेवर येऊन थांबते; कळपात आनुवंशिक वैविध्य किती उरले आहे, हे क्वचितच कोणी विचारते. आल्प्समधील प्राचीन गुरांचा अभ्यास या दृष्टीने आपल्या पशुपालकांनी अवश्य समजून घ्यावा.

१८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवराचे पाणी ओसरले आणि ओबरमाइलेन येथे खांबांवर उभारलेल्या प्रागैतिहासिक वस्तीचे अवशेष उघडे पडले. अशा वस्त्यांतील प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास बाझेलचे प्राणिशास्त्रज्ञ लुडविग र्‍युटिमायर यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. थंड, ओल्या गाळात हाडांबरोबर त्यांतील डीएनएही काही अंशी टिकल्यामुळे त्या गायींचे मातृवंश (आईकडून मागे जाणाऱ्या वंशरेषा) आज ओळखता येतात. त्यांतील बहुतेक टी-३ वंशाच्या, म्हणजे सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळवलेल्या गुरांच्या वारसदार ठरल्या. पुढे रोमन काळात तेथे थोराड गुरेही आली. डोंगरातला कळप बाहेरच्या रक्तापासून अलिप्त राहतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

मात्र हा मातृवंश सांगणारा डीएनए केवळ आईकडून येतो, त्यात वळूंचा इतिहास उमटत नाही. आणि आजच्या काळात वैविध्याला मोठी गळती लागते ती वळूंच्याच बाजूने. उत्तर अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरले जाणारे होल्स्टीन या दुधाळ जातीचे जवळपास सर्व वळू पितृवंशाने १८८० च्या सुमारास जन्मलेल्या अवघ्या दोन वळूंपर्यंत जाऊन पोहोचतात. लाखो गायी असूनही वंश इतका अरुंद होऊ शकतो, ही मला अत्यंत चिंतेची बाब वाटते.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील इनामगाव या प्राचीन वस्तीच्या उत्खननात डेक्कन कॉलेजला गुरांची हाडे मिळाली, परंतु उष्ण हवामानात हाडांतील डीएनए लवकर नष्ट होतो. म्हणून अकोले-इगतपुरीच्या धुवाधार पावसात तगणारी डांगी आणि कोकणातील लहानखुरी कोकण कपिला, ही जिवंत जनावरेच आपले दप्तर आहेत; ती गेली तर हाडांवरून त्यांचा इतिहास पुन्हा वाचण्याची आशा फारच थोडी. या जातींच्या रेतमात्रा मोजक्या देखण्या वळूंकडून न घेता दूरदूरच्या वाड्या-पाड्यांवरील, एकमेकांशी नाते नसलेल्या वळूंकडून घ्याव्यात आणि दरवर्षी प्रत्येक जातीचे किती वळू वापरले, हा आकडा पशुसंवर्धन विभागाने जाहीर करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अकोले