नाशिकच्या काकांना, बार्शीहून

ती. काकांना,
सा. नमस्कार.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आभार कसले मानता ताई, मी फक्त चार प्रश्न विचारले." त्या चार प्रश्नांवर माझा छापखाना आज चालू आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आमचं मशीन, म्हणजे पानं जुळवायचा संगणक, जुनं आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते बदलता का येत नाही, हे मात्र कुणी ऐकूनच घेत नव्हतं. आमचे मराठी फाँट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीचे. त्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते चालत नाही ते छोटं यंत्र, मागच्या प्रिंटर पोर्टला बसतं आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. गावातल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका त्यात आहेत. शिवाय एका निवृत्त बाईंनी खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ९६ पानं, म्हणजे सोळापानी सहा फॉर्म, निम्मी प्रूफं झालेली. आणि नेमकी तेव्हाच हार्डडिस्क टकटक करायला लागली.

भाच्याने ५०० जीबीची नवी डिस्क आणली. एका दुकानात कधीची पडून होती, पण सीलबंद. जोडली, तर मशीनला ती दिसेचना. काळा पडदा, डिस्क शोधत असल्याची ओळ, आणि तिथेच लुकलुकत राहिलेला कर्सर. केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावली, मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डवरचा, सीआर २०३२ सेलही नवा टाकला. काही फरक नाही. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला: "बोर्ड गेला, भंगारात द्या." त्या रात्री मी कागदवाल्यांकडून तुमचा नंबर घेतला. ओळख ना पाळख, आणि दुकान बंद करून तुम्हाला चार वर्षं झालेली. तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत.

तुमचा पहिला प्रश्न: "हीच डिस्क दुसऱ्या मशीनला दिसते का?" भाच्याच्या मशीनला लगेच दिसली. दुसरा: "जुनी डिस्क अजून दिसते ना? मग बोर्ड गेला कसा म्हणायचा?" एवढ्या साध्या वाक्याने माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच तुम्ही बजावलंत, की आता त्या जुन्या डिस्कला विनाकारण चालू करायचं नाही, तिच्यात जेवढा दम उरला आहे तो कॉपीसाठी राखायचा.

तिसरा प्रश्न मी विसरणार नाही. "बोर्डवर मोठी काळी चिप असेल, तिच्यावरचा नंबर वाचा." धुळीने अक्षरं बुजली होती. ब्रशने झाडून, टॉर्च धरून, प्रूफ वाचायच्या भिंगातून एकेक अक्षर वाचलं: व्हीटी ८२३७ आर. तुम्ही विचारलंत, "शेवटी आर आहे की एस? नीट बघा." मी पुन्हा भिंग लावलं. आरच होता. पलीकडून तुम्ही म्हणालात, "मग सापडलं."

सापडलं ते असं. साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची पद्धत; ही चिप सेकंदाला १.५ गिगाबिटवाल्या पहिल्या साटाच्या काळातली, आणि डिस्क ३ गिगाबिटची. चालू होताना दोघांनी आपसांत वेग ठरवायचा असतो आणि नव्याने जुन्यासाठी खाली यायचं असतं. या चिपचं ते ठरवणंच अडखळतं, म्हणून डिस्क धडधाकट असूनही दिसत नाही. पुढच्या 'एस' चिपमध्ये ही अडचण राहिली नाही. उपाय काय, तर डिस्कच्या मागच्या आठ पिनांपैकी पाच आणि सहावर एक जंपर बसवायचा, की डिस्क पहिल्यापासून १.५ वरच बोलते. पाच-सहा हे आमच्या वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कचं. दुसऱ्या कंपनीची असेल तर तिचं लेबल वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही तुम्ही दोनदा सांगितलंत.

तो जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. इथे कुठे मिळेना, तर चौथ्या दिवशी तुमचं पाकीट आलं. पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावलेले दोन जंपर, "एक हरवला तर" अशी चिठ्ठी, पिनांचं हाताने काढलेलं चित्र आणि लिनक्सची एक सीडी. चिमट्याने जंपर बसवला, बटण दाबलं, आणि ती ओळ पुढे सरकली. डिस्कचं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी एकटीच प्रेसमध्ये उभी होते आणि मला रडू आलं.

चौथा प्रश्न, "एक्सपीचा सर्व्हिस पॅक कोणता?" म्हणजे संगणकातल्या विंडोज एक्सपीची कितवी मोठी सुधारणा. आमचा दुसरा होता. पहिल्याच्याही आधीचा असता तर १३७ जीबीच्या पुढचं त्याला धड हाताळता आलं नसतं.

मग ती कॉपीची रात्र. तुमच्या सीडीवरच्या डीडीरेस्क्यूची, म्हणजे बिघडत्या डिस्कवरून कॉपी काढणाऱ्या प्रोग्रॅमची, कमांड टाइप झाली, पण एंटर दाबण्याआधी तुम्ही दोन्ही डिस्कचे आकार माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलेत: ८० वरून ५०० वर. उलट झालं असतं तर कोऱ्या डिस्कने जुनी पुसली असती. आधी वाचता येतो तेवढा भाग उचलायचा आणि दुखऱ्या जागांकडे शेवटी परतायचं, असं ते चालतं. पहाटेपर्यंत चाललं. काही तुकडे वाचता आले नाहीत, पण ओव्यांच्या सगळ्या फाइली उघडल्या. ३८ व्या पानावर बाईंनी सुचवलेली दुरुस्तीसुद्धा जागच्या जागी होती.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, टपालखर्चही नाही. म्हणून जे माझ्या हातात आहे ते करते आहे. मशीन नेटला जोडलेलं नाही, दर शनिवारी दोन ठिकाणी कॉपी ठेवते. दुसरा जंपर आणि तुमची चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवली आहे, पुढे जो उघडेल त्याला कळावं म्हणून. पुस्तिकेचे चार फॉर्म छापून झाले, दोन राहिलेत. बाईंना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, पहिली बांधलेली प्रत नाशिकला जाईल. पाकिटावर पत्ता लिहून ठेवला आहे.

तुमची,
बार्शीची छापखानेवाली