काका, "पुरे गं" म्हणायच्या आधी हे वाचा

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि उठून गाडीच्या टायरची हवा बघायला लागता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. डिसेंबरातली शिकारीची ती सकाळ होऊन गेली, मांस फ्रीजरमध्ये लागलं, तरी लिहायला बसले की गळा दाटून येतो.

मी शिकार शिकले विस्कॉन्सिनमध्ये. नोव्हेंबरची थंडी, अंगात भडक नारिंगी जाकीट, झाडावर मचाण आणि समोर दाट रान. हरीण दिसतं तेव्हा ते साठ-सत्तर यार्डांवर आलेलं असतं. नोकरीमुळे ॲरिझोनात टूसॉनला आले आणि मचाण बांधायला झाडच उरलं नाही. मैल मैल उघडे डोंगरउतार, मेस्किटची झुडपं, दगड, नुसतं ऊन. इथलं कूझ हरीण खांद्यापाशी जेमतेम अडीच फूट, नर असला तरी पंचेचाळीस किलोच्या आसपास, रंगाने राखाडी. समोरच्या उतारावर चार-पाच जनावरं असतात आणि दिसत एकही नाही.

विचारायचं तरी कुणाला? बंदुकीच्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याबरोबर आलेल्या सहकाऱ्याकडे बघून दिलं, आणि तो बिचारा शाकाहारी. एका गाइडने आगाऊ पैसे घेतले आणि मग फोन उचलणं बंद केलं. वर्षानुवर्षं इथे शिकार करणाऱ्या मंडळींकडून एकच उत्तर यायचं, "पाय झिजव, कळेल." आपली जागा कुणी सांगू नये हे मला मान्य आहे. पण या उन्हात पाणी किती न्यावं, मांस कसं टिकवावं, हे सांगण्याने कुणाचं काय जाणार होतं? आपल्या माणसांनीही सोडलं नाही. ताटात मटण असलेल्यांनीच "शिकार? शोभतं का तुला?" असं विचारलं, ते मला फार लागलं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती बंदच राहावी असं मलाही वाटतं. इथली गोष्ट निराळी आहे. किती जनावरं मारू द्यायची हे दर वर्षी राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, सोडत काढून टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, देतं, आणि शिकाऱ्यांनी भरलेल्या पैशातून वाळवंटात प्राण्यांसाठी टाक्या बांधतं, दुष्काळात टँकरने त्या भरतं. हे समजून घ्यायला दोन मिनिटं पुरतात, पण तेवढी कुणी दिली नाहीत.

मंडळाच्या गणपतीत हे तुमच्या कानावर गेलं. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की उपदेश केला नाही. "दुर्बीण कुठली आहे तुझ्याकडे?" एवढंच विचारलंत. पुढच्या शनिवारी पहाटे चारला तुमची गाडी माझ्या दारात होती.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचंच आहे. उजाडता उजाडता आपण कोरड्या ओढ्यातून वर चढत होतो आणि चोयाचा एक गोळा माझ्या पोटरीला चिकटला. त्या निवडुंगाच्या काट्यांना उलटी कुसं असतात, ओढला तर काटा मांस धरून येतो. वेदनेने माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुम्ही म्हणालात, "हात लावू नकोस." सत्तरी ओलांडलेले तुम्ही, दगडांवर गुडघे टेकून बसलात. शर्टाच्या खिशातून एक काळा कंगवा काढलात, त्याचे दात गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवलेत आणि एका झटक्यात गोळा उडवून लावलात. मग जवळचा चष्मा चढवून, पक्कड घेऊन, उरलेले काटे एकेक करून उपटलेत. तोवर ऊन उतारावर आलं होतं. हरणं चरायला बाहेर असतात ती हीच वेळ, याच तासासाठी आपण रात्र मोडून आलो होतो. तुम्ही एकदाही मान वर करून डोंगराकडे बघितलं नाहीत. शेवटचा काटा निघाल्यावर पोटरीवरून तळवा फिरवून बघितलात, काही टोचतंय का म्हणून, आणि कंगवा माझ्या हातात दिलात. "हा असू दे तुझ्याकडे. माझ्याकडे दुसरा आहे." बस, एवढंच. परक्या मुलुखात कुणी माझ्यासाठी असं काही केल्याला फार काळ लोटला होता, काका.

पुढे तुम्ही जे शिकवलंत ते सगळं बसून शिकवलंत. दुर्बीण तिपाईवर लावायची, कारण हातातल्या थरथरीत कानाची हालचाल हरवते. पाठीवर सूर्य घ्यायचा, समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने बघायचा, ऊन वाढलं की झुडपाखालची सावली चाळायची. आख्खं हरीण शोधायचंच नाही; एखादी आडवी रेघ, नाकाचा काळा ठिपका, शिंगाचं टोक शोधायचं. उन्हं तापली की वारा उतारावरून वर चढतो आणि संध्याकाळी खाली उतरतो, त्याप्रमाणे आपली वाट ठरवायची. पाणवठ्याजवळ मुक्काम करायचा नाही. पाव मैलाच्या आत तळ ठोकून प्राण्यांचं पाणी तोडायला कायद्याचीही मनाई आहे, पण तुम्ही कायदा सांगितलाच नाहीत. "ते तहानेलं येतं, आपण वाट अडवून बसायचं?" असं म्हणालात आणि तंबू आणखी लांब नेलात.

डिसेंबरात नर दिसला तेव्हा अंतर फार होतं. तुम्ही कानाशी म्हणालात, "मनाला पटत नसेल तर सोडून दे, डोंगर इथेच आहे." आपण आडोशाने जवळ गेलो, तासभर पोटावर पडून राहिलो. एका गोळीत काम झालं, त्याला फार भोगावं लागलं नाही, याचं समाधान मला जन्मभर पुरेल. टॅग बांधला. मग सावलीत ओढून लगेच कातडं सोडवायला घेतलं, कारण इथे डिसेंबरातही दुपारचं ऊन मांसाला थांबू देत नाही. तुमच्या आइसबॉक्समध्ये घरून गोठवून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात बसू नये म्हणून. त्यातल्या निम्म्या तुम्ही आदल्या रात्री माझ्या नावाने भरल्या होत्या, हे मला काकूंकडून नंतर कळलं.

तांब्याच्या खाणीत नोकरीला लागलात तेव्हा तुम्हालाही कुणी ओळखीचं नव्हतं, आणि पाळीतल्या एका मेक्सिकन सोबत्याने असंच बोट धरून या डोंगरात नेलं, हे तुम्ही गाडीत सांगितलंत. तो माणूस आता नाही. त्याचेही आभार या पत्रात असू देत. माहीत असलेलं हातचं राखून ठेवणारी माणसं मी खूप पाहिली. विचारलं नसतानाही सांगणारी, आणि सांगून झाल्यावर त्याचा उच्चारही न करणारी माणसं आहेत म्हणून नव्या गावात पाय टिकतो.

फेब्रुवारीतल्या हावेलीनाच्या, म्हणजे इथल्या रानडुकरासारख्या प्राण्याच्या, सोडतीत माझा नंबर लागलाय. त्याच्या पाठीवरच्या ग्रंथीला हात न लावता ती कातड्याबरोबर कशी काढायची, ते दाखवायला तुम्हाला यावं लागेल. आणि रविवारी मी मांडीचं मांस घेऊन येतेय. खिमा काकूंनी करायचा, त्यांचा कांदा-लसूण मसाला घालून. भाकऱ्या मी थापते.

तुमची,
टूसॉनची पुतणी