खाड्याची भरपाई म्हणजे हाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या रग्बीच्या चॅलेंज कपच्या पहिल्या हंगामावरचा आपला रविवारचा लेख वाचला. ‘पैशाच्या हव्यासापायी फुटलेला खेळ’ हे आपल्या लेखकाला लिहवलं तरी कसं?

मी बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या बॅटलीत राहतो. पहिला कप ज्यांनी जिंकला, त्यांच्याच गावात. ते खेळाडू म्हणजे इथल्या लोकरीच्या गिरण्यांतले लोक. शनिवारी दुपारपर्यंत पाळी. परगावी सामना असला की पाळी बुडे आणि पगार कापला जाई. तेवढा भरून द्या, एवढंच मागणं होतं. १८९३ साली रग्बी युनियनच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, लंडनच्या सभेत ते २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळलं गेलं, म्हणून १८९५ मध्ये उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डला जमून तिच्यापासून वेगळे झाले. आणि भरपाई किती? दिवसाला फार तर सहा शिलिंग, तीही काम बुडालं तरच. लेखात ‘ब्रोकन टाइम’ असं लिहून सोडून दिलंय. अहो, आपल्याकडे त्याला खाडा म्हणतात!

माझे वडील परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. हजेरी नाही तर पगार नाही. १९६८ साली मंडळाकडून कबड्डी खेळायला सांगलीला गेले, तीन दिवसांचा खाडा पडला. ढाल आली ती मंडळाच्या कपाटात गेली, आणि त्या महिन्यात आई वाण्याकडे उधारी मागायला गेली. पुढच्या वर्षी वडिलांनी फक्त बुडालेली मजुरी मागितली, तर एक पदाधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, “खेळाचा बाजार मांडू नका.” वडील पुन्हा मैदानात उतरले नाहीत. त्यांची खेळायची हाफपँट आईने कापून मला शिवली.

२४ एप्रिल १८९७ ला लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावरच्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सच्या खेळाडूंच्या जर्सी एकमेकांशी जुळत नव्हत्या, याची आपण चौकट करून गंमत केलीत. त्यात हसण्यासारखं काय होतं? बॅटली १०-३ ने जिंकलं, तेरा हजारांवर माणसं बघायला आली होती. या खेळाडूंना रग्बी युनियनची दारं बंद झाली होती, आणि ती १९९५ पर्यंत धड उघडली नाहीत. याबद्दल लेखात एक ओळ नाही.

शिवाय छायाचित्रही चुकलंय. झाकणावर हत्ती आणि नागाच्या आकाराच्या तीन मुठी असलेला तो चषक कलकत्ता कप आहे. कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतात, आणि तेही रग्बी युनियन, चॅलेंज कपचं रग्बी नव्हे. कृपया दुरुस्ती छापा, पहिल्या क्रीडा पानावर.

वडील आता पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. डोंबिवलीत बहिणीकडून आपला अंक रोज वाचून घेतात. रविवारचं ते पान वाचू नकोस, असं मला तिला फोन करून सांगावं लागलं.

आपला,
एक जुना वाचक, बॅटली (इंग्लंड)