सही करण्याआधी

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयातल्या डॉक्टरच्या नोकरीचा तू पाठवलेला करारनामा नीट वाचला. नोकरी सोडायची तर नोटीस तीन महिन्यांची का, असं तू विचारलंस. त्यात वावगं काही नाही, सगळीकडे साधारण तेवढीच असते. मी अडखळले ती त्याच्या खालच्या कलमाशी. मूळ पगार बेताचा आणि वर ‘कामगिरीनुसार’ रक्कम. आणि कामगिरी म्हणजे काय, तर किती पेशंट पाहिले, किती तपासण्या आणि किती प्रोसिजर तुझ्या नावावर जमा झाल्या.

यात बेकायदा काही नाही. पण पेशंट पाठवल्याबद्दल कट, म्हणजे कमिशन, घेणाऱ्या डॉक्टरला आपण काय करतोय हे निदान मनातून ठाऊक असतं. हे कलम तेवढंही कळू देत नाही, हीच त्याची गोम आहे.

‘ही तपासणी लिहून दे’ असं तुला कुणी सांगणार नाही. महिनाअखेर एक तक्ता येईल, त्यात सहकाऱ्यांच्या ओळीत तुझं नाव असेल, बस. मग एके दिवशी समोर कंबरदुखीचा पेशंट बसेल. पायात बळ आहे, लघवी-शौचावर ताबा आहे, ताप नाही, वजन घटलेलं नाही, कुठे पडलेला नाही. अशी कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपण सुधारते, पहिल्याच दिवशी एमआरआय नको, हे तुला पाठ आहे. पण लिहिला तर पेशंट खूश, विभाग खूश आणि तुझा आकडा वर. नाही लिहिला तर दहा मिनिटं समजावत बसायचं, आणि ती दहा मिनिटं तक्त्यात कुठेच दिसत नाहीत. शिवाय काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही वयाप्रमाणे मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसतात. त्या अहवालातली ओळ वाचून धडधाकट माणूस पुढची कित्येक वर्षं वाकायला घाबरतो.

तुला वाटेल, आई फार ताणतेय. म्हणून दक्षिण कोरियाचं उदाहरण देते. तिथे 1999 मध्ये सरकारने कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. थायरॉइड त्या यादीत नव्हता. पण तपासणीला आलेल्यांना, थोडे पैसे जास्त भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घ्या, असं सुचवणं दवाखान्यांना सोयीचं होतं. 2011 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान 1993 च्या तुलनेत 15 पट झालं. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकावर उपचार झाले, बहुतेकांवर शस्त्रक्रिया. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मागे जन्मभराची गोळी लागली. 15,000 हून अधिक रुग्णांच्या पाहणीत 11 टक्क्यांच्या पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) ग्रंथी निकामी झाल्या होत्या आणि 2 टक्क्यांच्या स्वरयंत्राला लकवा मारला होता. कुणी लबाड होतं असं मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी गाठ शोधली आणि काढली. 2014 मध्ये तिथल्याच डॉक्टरांचा एक गट उघडपणे याविरुद्ध बोलला आणि वर्षभरात या शस्त्रक्रिया 35 टक्क्यांनी उतरल्या. मला या गोष्टीतला हा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता याचा अर्थ ठरावीक पगार म्हणजे सगळं आलबेल, असा घेऊ नकोस. पगारी डॉक्टरपुढची रांग लांबत जाते आणि तिची कुणाला फिकीर नसते. नोंदवलेल्या माणशी ठरावीक रक्कम मिळते, मग तपासण्या कितीही होवोत, तिथे अवघड पेशंट पुढे ढकलण्याकडे कल होतो. ब्रिटनने 2004 मध्ये फॅमिली डॉक्टरांना ठरावीक निकष पूर्ण केल्याबद्दल पैसे द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. दमा आणि मधुमेहाच्या देखभालीत सुधारणाही झाली. पण टार्गेट गाठल्यावर ती मंदावली, आणि ज्या बाबींना पैसे नव्हते त्यांची गुणवत्ता घसरली. एकाच डॉक्टरकडे जात राहणंही रुग्णांना पूर्वीइतकं जमेना. निर्दोष पद्धत कुठलीच नाही. आपल्याला कोणती लागू आहे आणि ती आपला हात कुठे ओढते, एवढं माहीत असावं.

आणखी एक म्हणजे संगणक. अमेरिकेतल्या 2016 च्या एका अभ्यासात दिसलं, की डॉक्टर रुग्णासमोर एक तास घालवतो तेव्हा जवळजवळ दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात. म्हणून संभाषण ऐकून टिपणं लिहिणाऱ्या एआयचं मला कौतुकच आहे. फक्त वाचलेली मिनिटं कुणाची, हे विचारून घे. काही ठिकाणी त्यात आणखी दोन अपॉइंटमेंट बसवतात. खरी तक्रार पेशंट अनेकदा उठून दाराशी गेल्यावर सांगतो. हात दाराच्या मुठीवर, अर्धवट वळलेला: ‘बाकी काही नाही, पण हल्ली जिना चढताना छातीत जरा जड वाटतं.’ पुढचा पेशंट आत आलेला असला, तर ते वाक्य तो तसंच घरी घेऊन जातो.

निदान करणाऱ्या एआयबद्दल मी जरा जास्त सावध आहे. पोलंडमधला 2025 मधला अभ्यास वाच. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना एआयची मदत मिळू लागली, त्यानंतर ते मदतीविना तपासायचे तेव्हा गाठी सापडण्याचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून निकाल लावायचा नसतो, पण तू अजून शिकतेयस, म्हणून सांगितलं. आधी स्वतः बघ, मत ठरव, मग यंत्राचं मत घे.

थकव्याबद्दल लिहीत बसत नाही. बर्नआउट हा आजार नव्हे तर कामाशी निगडित स्थिती आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा कुणी त्यावर ध्यानधारणेचा वर्ग सुचवला, तर वर्ग कर, पण ड्युटीचा तक्ताही माग.

सही करण्याआधी एवढं विचार. ‘कामगिरीनुसार’ रक्कम एकूण पगाराच्या किती टक्क्यांपर्यंत जाऊ शकते? तपासण्यांची संख्या त्यातून वगळता येईल का? अपॉइंटमेंट किती मिनिटांची हे कोण ठरवतं, आणि ते ठरतं त्या बैठकीत डॉक्टर असतात का? असतील तर पहिल्या वर्षापासूनच तू तिथे बस. कंटाळवाण्या असतात त्या बैठका, पण तुझ्या ओपीडीचं वेळापत्रक तिथेच बनतं. आणि हो, आकड्यांचा तक्ता सगळ्यांसमोर लावतात की ज्याचा त्याला देतात, हेही विचार. वरवर क्षुल्लक वाटतं, पण तसं नाही.

फोनवर उत्तरं दिली तरी ईमेलवर लेखी मागून घे. ती आली की मला पाठव, मग त्या कलमावर नीट बोलू.

तुझी,
आई