पंखा बंद केलात, त्याबद्दल

प्रिय सर,

समोर बोलायला गेले की घसा दाटतो, म्हणून लिहिते आहे. आणि तुमच्यासारखी माणसं आपल्या आसपास आहेत हे चार लोकांना कळावं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं आता मी तुम्हाला ओळखते.

परवा गुरुवारी, जुने स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर यांचा तो गिटारचा पहिला धडा मी कुठेही न अडखळता शेवटपर्यंत वाजवला. एका वेळी एकच सूर, नवशिक्यांसाठीच लिहिलेला. शेवटचा सूर विरेपर्यंत तुम्ही मान वर केली नाहीत. मग म्हणालात, "झालं की, काकू!" जिना उतरले तोवर ठीक होते. कोपरखैरणे स्टेशनच्या बाकावर मात्र रडू आवरेना. ठाण्याच्या दोन गाड्या सोडल्या.

तुम्हाला माझी आधीची गोष्ट अर्धीच माहीत आहे. मी ३४ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. फार वर्षांपूर्वी एका नाइट ड्युटीला डॉक्टरांच्या खोलीत टेपवर कुणीतरी नुसती गिटार लावली होती. गाणं नाही, तबला नाही, एकटं वाद्य. चहा हातात गार झाला होता. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर जे पाकीट दिलं, त्यातून मी नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. घरी कुणी हसलं नाही, याबद्दल घरच्यांचेही आभार.

मग ठाण्यातच, घराजवळ एक क्लास लावला. तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. आठ मुलं आणि शेवटच्या खुर्चीवर मी. फळीच्या भिंतीपलीकडे कीबोर्ड, डोक्यावर घरघरणारा पंखा. मला खाली-वर झणकारायला शिकवलं आणि वर सांगितलं, "तुमच्या गिटारला आवाजच नाही." म्हणून त्यांनीच तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या. मी बोटांना चिकटपट्ट्या लावून सराव करत राहिले. तीन आठवड्यांनी रात्री कडकन आवाज झाला. कपाटावर ठेवलेल्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा बांधायची लाकडी पट्टी, तारांसकट उखडून आला होता. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले, तर उत्तर मिळालं, "काकू, टाइमपास म्हणूनच शिकताय ना? मग एवढं काय!"

त्या वाक्याचं मला अजूनही वाईट वाटतं. पैशांचं नाही वाटत. तिथे तीन महिन्यांत मी काय वाजवते, हे एकदाही कुणी ऐकलं नव्हतं.

तुमच्याकडे आले तो मे महिना होता. ब्रिज निघालेली गिटार पिशवीत, आणि मनात पक्कं की चूक माझीच. तुम्ही ती मांडीवर घेतलीत, उखडलेल्या जागेवरून बोट फिरवलंत आणि शांतपणे सांगितलंत की नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलचा ७० च्या आसपास जातो. या लाकडाच्या आत तेवढा आधार दिलेलाच नसतो. "तुमची काही चूक नाही." ती दुरुस्त होईपर्यंत स्वतःची गिटार माझ्या हातात दिलीत, डाव्या पायाखाली स्टूल सरकवलंत आणि म्हणालात, "सहावी तार. अंगठ्याने. फक्त एकदा."

मी वाजवलं. तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात. मग खिडकीही लावलीत, कारण खाली कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

नवी मुंबईतला मे, दुपारचे चार. तुमच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला तरी तुम्ही पुसला नाहीत. म्हणालात, "आता परत. आणि संपेपर्यंत ऐका." मी परत वाजवलं. तो सूर आधी भरून आला, मग बारीक होत गेला, आणि संपला असं वाटल्यावरही लाकडातून पोटाशी जाणवत राहिला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. एका ५९ वर्षांच्या बाईने एका मोकळ्या तारेवर काढलेला एक सूर. त्यासाठी कुणी पंखा बंद करावा, असं माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

सर, मला वाटतं मी शिकले ती त्या दुपारीच. पुढचं सगळं म्हणजे सराव.

सराव मात्र तुम्ही करून घेतलात. उजव्या हाताच्या बोटांची स्पॅनिश नावं, पुलगार, इंदिसे, मेदिओ, आनुलार, मी शिधापत्रिकेच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून फ्रिजला लावली. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका; करंगळीला उजव्या हातात सुट्टी. महिनाभर नुसतं आपोयांदो : तार छेडून बोटाने शेजारच्या तारेवर टेकायचं. आणि नखं! ३४ वर्षं आमची नखं मांसालगत कापलेली असायची, हात धुताना कोपरापर्यंत ब्रशने घासायची सवय. तुम्ही उजव्या हाताची नखं वाढवायला सांगितलीत तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं होतं. आता बारीक पॉलिश पेपरने त्यांना गोलाई देते, कणीक डाव्या हाताने मळते. भांडी घासताना अनामिकेचं नख तुटलं त्या आठवड्यात मी खट्टू होऊन आले, तर तुम्ही तार्रेगाचं सांगितलंत, की एवढा मोठा वादक, पण उतारवयात नखं न ठेवता बोटाच्या पेरांनीच वाजवायचा. त्या दिवशी पेरांनी वाजवून घेतलंत.

आणखी एक आठवण लिहायलाच हवी. मी नर्स होते हे कळल्यावर तुम्ही खुर्ची पुढे ओढून विचारलंत, "मग कॅटगट तुम्ही हाताळलं असेल?" हाताळलं म्हणजे काय, जखमा शिवायच्या त्या धाग्याची किती पाकिटं फोडली असतील याची गणती नाही. तुम्ही सांगितलंत की गिटारच्या उंच सुरांच्या तीन तारा पूर्वी जनावरांच्या आतड्याच्याच असायच्या; दुसऱ्या महायुद्धात ते आतडं जखमा शिवायला जाऊ लागलं, तारा मिळेनात, आणि मग न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा केल्या, सेगोव्हियासारख्या वादकाने त्या आपल्याशा केल्या. शिवायचा धागा आतड्याचाही पाहिलाय, नायलॉनचाही. सुईत ओवलेला तोच धागा आता माझ्या बोटांखाली वाजतो आहे! तुम्ही हे मुद्दाम सांगितलंत की सहज, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून त्या खोलीत मला उपरं वाटलं नाही.

आमच्या थिएटरमध्ये एक भूलतज्ज्ञ होते. सुई टोचण्याआधी पेशंटचा हात हातात घेऊन विचारायचे, "गाव कुठलं तुमचं?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचे. बाहेर पुढची केस ताटकळत असली तरी थांबायचे. माणूस गावाचं नाव घेत झोपी जायचा. असं करा म्हणून कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, केलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं. एवढ्या वर्षांत मी मोठे सर्जन पाहिले, मोठी ऑपरेशनं पाहिली. आठवणीत राहिले ते हे डॉक्टर. ड्रेसिंग करताना पांघरूण नीट ओढून घेणारी मावशी, म्हातारीचा जिना चढून होईपर्यंत मागे थांबणारा वॉर्डबॉय, हीसुद्धा त्यांच्याच गोतातली माणसं. तुम्ही वयाने माझ्या भाच्याएवढे, पण त्याच पंगतीत बसता.

गिटारचा ब्रिज छान धरला आहे. पावसाळ्यातही हलला नाही. नव्या तारा मात्र दोन दिवस सारख्या उतरत होत्या, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

दुसरा धडा कालपासून हातात घेतला आहे. तिसऱ्या ओळीत अनामिका अजून मागे राहते. गुरुवारी ऐका.

तुमची,
नौपाड्याच्या काकू